रोजच्या वापरातलं मार्जरीन बंद करून खरं बटर: कोणी केलंय का?

घोडबंदरची_सई

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कोणीतरी "बटर बंद करा, हे आणा" असं सांगितलं आणि मार्जरीनचा डबा आमच्या फ्रिजच्या दारात येऊन बसला. आता सासरे बटरही खात नाहीत आणि मार्जरीनही खात नाहीत. ते भाकरीबरोबर ताक घेतात. डबा मात्र राहिला. मुलांच्या सँडविचला तेच, डोशाच्या कडेने सोडायला तेच, रविवारच्या पावभाजीलाही तेच.

परवा डब्यामागचे घटक नीट वाचले. पाम तेल, दुसरं एक खाद्यतेल, पाणी, मीठ, इमल्सिफायर, परिरक्षक, रंग, स्वाद. दुधाचा पत्ता नाही. मुलं मात्र त्याला "बटर" म्हणतात, कारण घरात आम्ही सगळे तेच म्हणत आलो.

रोज पोटात जाणारी वस्तू काय आहे ते आपल्याला माहीत असावं आणि खरं बटर थोडंसंच खावं, असं माझं मत झालंय. अडचणी आहेत. ठाण्याच्या हवेत बटर बाहेर ठेवलं की वितळतं आणि फ्रिजमध्ये ठेवलं की त्याचा दगड होतो. तव्यावर करपतं. आणि आम्ही घरात चार खाणारे, त्यामुळे खर्चाचाही विचार आहे. ज्यांनी रोजच्या वापरात हा बदल केलाय त्यांचे अनुभव हवेत. सणासुदीचं नको, रोजचं सांगा.

नौपाडाकर

केव्हाच केलाय. एकदा चव कळली की कोणी मागे फिरत नाही. खर्चाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून बटरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि अमूलचं १०० ग्रॅमचं पाकीट ६२ वरून ५८ रुपयांना मिळायला लागलं. माणशी रोज एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम धरा. चौघांचे २० ग्रॅम, महिन्याचे ६०० ग्रॅम. सहा पाकिटांचे ३४८ रुपये. बाहेरच्या एका पावभाजीचा खर्च वाचला तरी भरून निघेल.

सीवूड्सकर

सई, घटक वाचलेत हे उत्तम केलंत. त्याहीआधी पाकिटावर वस्तूचं नाव काय छापलंय ते बघायचं. "टेबल बटर" असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे त्यात निदान ८० टक्के दुधाची स्निग्धता हवी, आणि ती फक्त दुधाचीच हवी. "टेबल मार्जरीन" असेल तर ८० टक्के स्निग्धता असते, पण ती तेलाची. तिसरा प्रकार "फॅट स्प्रेड". त्यात स्निग्धता कमी आणि पाणी जास्त. हाही तीन तऱ्हेचा असतो: नुसत्या दुधाचा, नुसत्या तेलाचा आणि दोन्ही मिसळलेला. दुकानात हे सगळे एकाच कप्प्यात, एकाच पिवळ्या रंगात शेजारी शेजारी असतात. माझे वडील कित्येक महिने "लाइट बटर" समजून मिश्र स्प्रेड आणत होते. खालची बारीक अक्षरं त्यांना चष्म्यानेही वाचता येत नव्हती.

ही अक्षरं मोठी छापायला हवीत असं मला मनापासून वाटतं. माणसाने काय खायचं ते त्याने ठरवावं, पण आधी त्याला कळू तर दे.

लोकल_८१२

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. आम्ही दोघं सकाळी आठ-बाराच्या लोकलने निघतो. साडेसहाला तीन डबे भरायचे असतात. मार्जरीन फ्रिजमधून काढलं की लगेच पावाला लागतं, पाव फाटत नाही आणि काम होतं. थंड बटर घेऊन सँडविच लावायला बसलं तर पावाच्या मध्ये भोक पडतं आणि मुलगी डबा तसाच परत आणते. चवीचं मान्य आहे, पण ज्या घरात सकाळी माणसाला दोन हात कमी पडतात, तिथे ही सोय लहान गोष्ट नाही.

पाचपाखाडीचे_आजोबा

सोयीचंच बोलत असाल तर मार्जरीनचा जन्मच सोयीसाठी झाला. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने सैन्याला आणि गरिबांना परवडेल अशा लोण्याच्या पर्यायासाठी बक्षीस लावलं. १८६९ मध्ये मेज-मूरिएस नावाच्या रसायनज्ञाने तो पर्याय बनवला, आणि तो बनला होता गाईच्या चरबीपासून! वनस्पती तेलाची गोष्ट नंतरची. १९०२ मध्ये नॉर्मन नावाच्या जर्मन रसायनज्ञाने द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तिथून पुढे सगळं बदललं.

आपल्याकडे तीच पद्धत डालड्याच्या रूपाने आली, १९३७ मध्ये. कारखाना जवळच, शिवडीला. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला तो डबा रिकामा झाला की आमच्या चाळीत त्यात तुळस लागायची. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून विकलं जाऊ नये म्हणून सरकारने त्यात तिळाचं तेल घालायची सक्ती केली होती. तिळाच्या तेलात असं द्रव्य आहे की आम्ल आणि फुरफुरल नावाचं रसायन घालून तपासलं की गुलाबी रंग येतो. तुपाच्या नमुन्याला गुलाबी रंग आला की भेसळ पकडली गेली. मी प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, ही परीक्षा या हातांनी केली आहे. दिवाळीच्या तोंडावर तो गुलाबी रंग फार वेळा दिसायचा.

मनीषा_ऐरोली

आजोबा, किती छान माहिती!

सई, मी तुला पाकिटाच्याही मागे जायला सांगते. घरी लोणी काढ. रोजच्या दुधातून जे निघतं तेवढंच खायचं, त्यामुळे प्रमाणही आपोआप राहतं.

दूध म्हशीचं किंवा पिशवीतलं फुल क्रीम घे. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धता असते, टोन्डमध्ये ३. टोन्डच्या सायीवर लोण्याची आशा धरू नकोस. दूध मंद आचेवर तापव, उकळी आली की लगेच बंद न करता पाच-सात मिनिटं बारीक गॅसवर राहू दे. गार झालं की झाकून चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेव. जाड साय येते, सुरीने कडा सोडवली की अख्खी उचलते. ती डब्यात साठव. पहिल्याच दिवशी त्यात चमचाभर दही घाल म्हणजे साय कडवट होत नाही. पाच-सहा दिवसांची साय जमली की रात्री डबा बाहेर काढून ठेव. उन्हाळ्यात रात्रभर नको, तीन-चार तास पुरतात.

घुसळताना सगळा खेळ तापमानाचा. साय १२-१४ अंशांच्या आसपास गार हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बर्फाचे खडे आणि फ्रिजचं पाणी घातल्याशिवाय लोणी येतच नाही, नुसता फेस होतो आणि माणूस दमतो. मी मिक्सरच्या मोठ्या भांड्यात चटणीचं नव्हे, प्लास्टिकचं बोथट पातं लावते. थांबत थांबत फिरवते. आवाज बदलतो आणि भांड्यात एकदम जड काहीतरी आपटायला लागतं, तेव्हा थांबायचं. गोळा ताकातून काढून गार पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ताक राहिलं तर लोणी दुसऱ्याच दिवशी आंबट लागतं. गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवलं आणि पाणी रोज बदललं तर तीन-चार दिवस छान राहतं. उरलं तर कढवायचं. बेरीवर साखर घालून खायला आमच्याकडे रांग लागते.

थालीपीठावर हे लोणी ठेवून ते वितळायच्या आत पहिला घास घे, मग पाकिटाची आठवण राहणार नाही.

नौपाडाकर

मनीषाताई, गोपाळकाल्याला मी एकदा तुमच्या घरी येणार. टेंभी नाक्याची हंडी बघून थेट ऐरोली.

मनीषा_ऐरोली

या की! पण येताना पोहे आणि डाळिंब आणा.

आहार_वाशी

वाशीच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. धागा लोण्याकडे एवढा झुकलेला पाहून थोडं लिहावंसं वाटलं.

मार्जरीनविषयीचं मत का बदललं, ते आधी सांगते. जुन्या पद्धतीत तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार व्हायचे. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमीही होतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. २००३ मध्ये डेन्मार्कने कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. त्यामुळे आजचं नामांकित मार्जरीन वीस वर्षांपूर्वीच्या मार्जरीनसारखं नाही. "मार्जरीन म्हणजे विष" हे वाक्य आता तसंच्या तसं खरं नाही.

आता दुसरी बाजू. ट्रान्स फॅट काढल्यावर घट्टपणा कुठून आणायचा? तो बहुतेकदा पाम तेलातून येतो, आणि पाममध्ये जवळजवळ निम्मी संपृक्त स्निग्धता (डब्यावरचं "सॅच्युरेटेड फॅट") असते. परदेशात मऊ, सूर्यफूल किंवा कनोलाच्या तेलाचं मार्जरीन बटरऐवजी खाल्लं तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं असं अभ्यासांत दिसलं आहे. तो फायदा इथल्या पाम तेलाच्या डब्याला आपोआप लावता येणार नाही. डब्यावर संपृक्त स्निग्धतेचा आकडा बघा, तोच खरं सांगतो.

आणि बटर? बटरमध्ये शंभर ग्रॅमला सुमारे ५० ग्रॅम संपृक्त स्निग्धता असते, आणि कोलेस्टेरॉलही असतं. ते औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभरातल्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक संपृक्त स्निग्धतेतून यावेत. २००० कॅलरीच्या आहाराला हे सुमारे २२ ग्रॅम होतात. एका चमचा बटरमध्ये अडीच ग्रॅम. म्हणजे निरोगी माणसाला एक चमचा आरामात बसतो. पण त्याच दिवशी तूप, चीज, साय, खारी हे सगळंही असेल तर बसत नाही. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. सई, तुमच्या सासऱ्यांचं ताक अजिबात बदलू नका.

घोडबंदरची_सई

@आहार_वाशी, मनापासून आभार. सासऱ्यांचं ताक जागेवरच राहील. आत्ता डबा बघितला: शंभर ग्रॅमला ३४ ग्रॅम संपृक्त. मला वाटत होतं की हा आकडा अगदी किरकोळ असेल.

@लोकल_८१२, तुमचं म्हणणं पटतंय. माझाही खरा अडथळा सकाळी साडेसहाचा आहे.

तुर्भेकर

साडेसहाचा उपाय माझ्याकडे आहे. १०० ग्रॅम बटर बाहेर काढून मऊ होऊ द्या, वितळू द्यायचं नाही. त्यात ५० ग्रॅम तेल थोडं थोडं घालत चमच्याने किंवा हँड ब्लेंडरने फेटा. शेंगदाण्याचं फिल्टर तेल नको, त्याचा वास येतो. रिफाइंड शेंगदाणा, राइस ब्रान किंवा सूर्यफूल चालेल. झाकणाच्या काचेच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. हे फ्रिजमधून काढल्या काढल्या पावाला लागतं. चव बटरची, सोय तुमच्या डब्याची, आणि त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत. मुलांच्या डब्यासाठी आमच्याकडे हेच असतं.

थालीपीठ, पराठा, उकडलेला मका यासाठी मात्र मी बटरची वडी फ्रिजमधून काढून थेट किसणीवर किसतो. कीस गरम पदार्थावर लगेच पसरतो आणि कमी बटर पुरतं.

आहार_वाशी

तुर्भेकर, पद्धत चांगली आहे. आकडा सांगते: १०० ग्रॅम बटरचे सुमारे ५० ग्रॅम संपृक्त आणि ५० ग्रॅम शेंगदाणा तेलाचे सुमारे ९. एकूण १५० ग्रॅममध्ये ५९, म्हणजे शंभराला ४० च्या आसपास. सूर्यफूल घेतलं तर आणखी थोडं कमी. मीठही पातळ होतं. खारवलेल्या बटरमध्ये साधारण अडीच टक्के मीठ असतं; रक्तदाबवाल्यांनी बिनमिठाचं बटर घ्यावं.

लोकल_८१२

हे आज रात्रीच करतो. बायकोला धागा वाचायला पाठवलाय. तिने परत पाठवलंय, "तू कर, मी खाते."

कोपरीचा_तवा

मी दहा-बारा वर्षं कोपरीला पावभाजीची गाडी चालवली. आता गुडघ्यामुळे बंद केली. इथे बाहेरच्या पावभाजीचा विषय निघाला म्हणून सांगतो.

गाडीवर वर ठेवलेली बटरची वडी लोकांना दिसते, ती खरी असते. तव्यावर भाजी परतायला आणि पाव भाजायला मात्र बहुतेक ठिकाणी मार्जरीन किंवा मिश्रण असतं. पैसे वाचतात ते आहेच, पण तेवढंच कारण नाही. गाडीचा तवा संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. बटरमध्ये दुधाचे कण असतात, ते तव्यावर पटकन काळे पडतात, भाजीला जळका वास येतो आणि दर दोन प्लेटीनंतर तवा पुसावा लागतो. मार्जरीनमध्ये ते कण नसतात किंवा अगदी थोडे असतात, म्हणून ते टिकतं.

मी काय करायचो ते सांगतो. परतायला तेल, आणि बटर शेवटी, भाजी ताटलीत घ्यायच्या आधी. पावाला बटर तव्याच्या कडेला, जिथे आच कमी असते. खर्च जास्त यायचा, पण गिऱ्हाईक परत यायचं. सई मॅडम, घरीही हेच करा. सुरुवातीला तेल, शेवटी बटर. बटर तापवायचं असेल तर साजूक तूपच वापरा. तुपातले कण कढवतानाच बेरी होऊन निघून गेलेले असतात, म्हणून ते जास्त आच सहन करतं. बटरमध्ये तेल मिसळलं की करपत नाही असं लोक म्हणतात. करपायचे कण करपतातच, फक्त तेलामुळे ते विरळ होतात.

सीवूड्सकर

@कोपरीचा_तवा, या धाग्यातला हा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. तुमची गाडी बंद झाली याचं वाईट वाटलं. कोपरीला कुठे असायची?

कोपरीचा_तवा

स्टेशनच्या पूर्वेला. लोक अजून ओळखतात, भाजी आणायला गेलो की विचारतात. बरं वाटतं.

केक_कोपरखैरणे

घरून केक आणि बिस्किटं करून देते, म्हणून बेकिंगपुरतं लिहिते. बटरक्रीमच्या जुन्या केकवरची फुलं खाल्ल्यावर टाळूला तेलकट थर चिकटून राहायचा, आठवतंय? कारण वितळण्याच्या तापमानात आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात गेलं की विरघळतंच. वनस्पती तूप आणि बेकरीचं मार्जरीन याहून वर वितळेल असंही बनवता येतं. वनस्पती तुपाला आपल्या नियमात ४१ अंशांपर्यंत मुभा आहे. शरीर ३७ अंश. मग ते तोंडात पूर्ण वितळणार कसं?

खारीचं उलटं आहे. खारीचे पदर सुटायला लाटताना स्निग्ध पदार्थ घट्ट राहावा लागतो. आपल्या बेकऱ्यांत भट्टीशेजारी जी उष्णता असते, तिथे बटर पिठात शिरून जातं आणि पदर एक होतात. म्हणून खारीला बेकरीवाले बहुतेक घट्ट मार्जरीनच वापरतात. बटरची खारी करायची तर एसीची खोली आणि दर घडीनंतर फ्रिज. मी ऑर्डर असेल तर करते, आणि भाव वेगळा सांगते. लोक देतात.

घरी केक करणाऱ्यांना: बटर आणि साखर फेटताना बटर १८-२० अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यात आपल्या ओट्यावर ते शक्य नाही. भांड्याखाली बर्फाच्या पाण्याचं दुसरं भांडं ठेवा आणि अधूनमधून त्यावर टेकवा. नाहीतर केक बसतो आणि लोक म्हणतात मार्जरीनचाच चांगला फुगायचा.

पाचपाखाडीचे_आजोबा

विषय निघालाच आहे तर अवांतर. आमच्या तरुणपणी मुंबईत बटर म्हणजे पोल्सन. इराण्याकडे ब्रून मस्का मागवला की त्यावर पोल्सनच. त्याची साय कारखान्यात यायला वेळ लागायचा, ती आंबलेली असायची, म्हणून मीठही भरपूर. अमूलने ताज्या सायीचं बटर आणलं ते लोकांना सपक लागलं! शेवटी अमूलला मुंबईकरांच्या जिभेसाठी मीठ वाढवावं लागलं. म्हणजे आज आपण जी "खऱ्या बटरची चव" म्हणतो तिच्यात पोल्सनची सवयही मिसळलेली आहे. घरचं लोणी आणि पाकिटातलं बटर यांच्या चवीत एवढा फरक का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

ब्रूनप्रेमी

आजोबा, धोबी तलावच्या क्यानीत (सुरुवात १९०४) बन मस्का खाताना आता पोल्सन आठवणार, न खाताही. ठाण्यात असं एक ठिकाण हवं होतं. तलावपाळीसमोर बसून ब्रून मस्का आणि चहा.

मुलुंडपलीकडे

एक प्रश्न. पाकिटातलं बटर पिवळं आणि घरचं लोणी पांढरं, मग पिवळ्यात काहीतरी घातलेलं असतं का? माझी आई त्यामुळे पाकिटातलं घेतच नाही.

सीवूड्सकर

रंग घालतात, आणि तो पाकिटावर लिहिलेला असतो. अ‍ॅनाटो नावाच्या बियांपासून काढलेला, परवानगी असलेला रंग. घरचं लोणी पांढरं असण्याचं कारण म्हैस. गाईच्या दुधात कॅरोटीन नावाचं पिवळं द्रव्य उरतं म्हणून तिचं तूप पिवळसर. म्हैस ते कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं लोणी शुभ्र. आईंना सांगा, रंगावरून खरं-खोटं ठरत नाही, घटक वाचावे लागतात. अमेरिकेत तर विस्कॉन्सिन राज्यात पिवळ्या मार्जरीनच्या विक्रीवर १९६७ पर्यंत बंदी होती. लोकांनी त्याला लोणी समजू नये म्हणून दूधवाल्यांनी लावून धरलेली.

मुलुंडपलीकडे

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "विस्कॉन्सिनवाले शहाणे."

लोकल_८१२

तुर्भेकरांचं मिश्रण केलं. सूर्यफूल तेल वापरलं. सकाळी फ्रिजमधून काढलं आणि पहिल्याच हाताला पावावर पसरलं, भोक नाही. मुलीचा डबा रिकामा आला. मार्जरीनचा डबा संपला की आमच्याकडे आता पुन्हा येणार नाही. मी वर जे लिहिलं होतं ते सोयीसाठी होतं. सोय अशीही होत असेल तर माझं काही म्हणणं उरलं नाही.

मिश्रण किती दिवस टिकतं?

तुर्भेकर

आम्ही आठवड्यात संपवतो आणि तेवढंच करतो. चमचा कोरडा हवा, पावाचे कण त्यात जाता कामा नयेत. कण गेले की बुरशी लवकर.

घोडबंदरची_सई

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमचं असं ठरलंय: मुलांच्या डब्याला तुर्भेकरांचं मिश्रण. थालीपीठ आणि पराठ्यावर किसलेलं बटर. पावभाजीला आधी तेल, शेवटी बटर. मोठ्यांना दिवसाला एक चमचा, आणि ज्या दिवशी चीज किंवा खारी असेल त्या दिवशी तोही नाही. सासऱ्यांच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीच्या वेळी पुन्हा विचारणार आहे. मनीषाताईंचं लोणी श्रावणात करणार, तोपर्यंत हवाही जरा गार होईल.

मुलांना सांगितलं की आजवर ज्याला आपण बटर म्हणत होतो ते मार्जरीन होतं. दोघांसमोर पावाचे दोन तुकडे ठेवले, एकावर हे, एकावर ते. धाकट्याने दोन्ही खाल्ले आणि खऱ्या बटरचा तुकडा पुन्हा मागितला. मोठी म्हणाली की मार्जरीनची चव तोंडात रेंगाळते. केकवाल्या ताईंनी टाळूबद्दल लिहिलंय ते तिला मी दाखवलं नव्हतं.

आता शेवटची अडचण. आमच्या इथे घोडबंदरला दुपारी ऑनलाइन मागवलं तर पाकीट अर्धं वितळून येतं. ते पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून वापरायचं का?

केक_कोपरखैरणे

मऊ झालं असेल आणि आकार तसाच असेल तर काही बिघडत नाही, लगेच फ्रिजमध्ये टाका. पूर्ण वितळून पुन्हा घट्ट झालेलं लगेच ओळखू येतं. पाकिटाचे कोपरे दबलेले असतात, कागदाच्या आत पाणी सुटलेलं असतं आणि कापल्यावर रवाळ लागतं. ते पावाला नीट लागत नाही, केकलाही चालत नाही. असं आलं तर परत करा. परत करणं शक्य नसेल तर बिनमिठाचं कढवून तूप करा, खारवलेलं भाजीत वापरा.

ऑनलाइन सकाळी आठच्या आत मागवा. दुकानातून घेणार असाल तर वर ठेवलेलं न घेता फ्रिजरच्या तळाचं मागा. ५०० ग्रॅमची लादी परवडते. घरी आणली की तिचे शंभर-शंभर ग्रॅमचे तुकडे करून बटर पेपरात गुंडाळा, एक फ्रिजमध्ये, बाकीचे हवाबंद डब्यात फ्रिजरला. मासे ठेवता त्या कप्प्यात नको, बटर वास लगेच ओढून घेतं.

घोडबंदरची_सई

आमच्या फ्रिजरमध्ये एका बाजूला कायम बोंबील आणि कोळंबी असते. वरचा छोटा कप्पा आजच रिकामा करते.